थ्री सिरीज, सी-क्लास की जुलिया? माझी निवड आणि तिची कारणं

कागदावर फरक शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. बीएमडब्ल्यूची सध्याची थ्री सिरीज २०१८ मध्ये जगासमोर आली तेव्हा ३३०आयमध्ये दोन लिटरचं टर्बो इंजिन होतं, ताकद २५८ हॉर्सपॉवर, टॉर्क ४०० न्यूटन-मीटर. आता २०२१ ची मर्सिडीज सी ३०० घ्या. इंजिन दोन लिटर, हॉर्सपॉवर २५८, टॉर्क ४००. शून्य ते शंभर एकीला ५.८ सेकंद लागतात, दुसरीला ६. अल्फा रोमिओ जुलियाच्या दोन लिटर इंजिनाची ताकद २८० पर्यंत जाते, टॉर्क मात्र पुन्हा तोच ४००. इतकं सगळं जुळत असूनही या तिघी पाठोपाठ चालवल्या की पहिल्या काही वळणांतच कळतं, यांचे स्वभाव एकमेकींना अजिबात मिळत नाहीत.

मी गाडी स्वतः चालवते, भरपूर चालवते आणि एकदा घेतली की वर्षानुवर्षं ठेवते. मागे बऱ्याचदा आई असते. आईला गाडी लागते. पुढे बस, बरं वाटेल, हे सांगून मी थकले. तिला मागेच ऐसपैस बसायचं असतं. त्यामुळे माझ्यापुढचा प्रश्न असा होता: जी चालवताना माझं मन भरेल आणि जिच्यात मागे बसून आईला मळमळणार नाही, अशी गाडी कोणती?

यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘मग मऊ गाडी घ्या.’ ते चुकीचं आहे. पोटात ढवळतं ते बारीक दणक्यांनी नाही, संथ हेलकाव्यांनी. बोटीत माणसं आडवी होतात ती लाटेच्या सावकाश उठण्या-बसण्यामुळे. गाडीचंही तसंच आहे. उंचवटा ओलांडला की गाडीने एकदा वर येऊन जागच्या जागी बसलं पाहिजे. ती पुन्हा खाली, पुन्हा वर करत राहिली की आरशात आईचा चेहरा बदलायला लागतो. आधी ती बोलायची थांबते, मग खिडकीची काच खाली करते. हेलकावा आवरायचं काम डॅम्परचं, म्हणजे आपल्या शॉक अब्झॉर्बरचं. चांगल्या स्पोर्ट सेडानचे डॅम्पर नेमकं हेच काम उत्तम करतात. म्हणून या वर्गातली गाडी ही फक्त चालवणाऱ्याची हौस असते, असं मला वाटत नाही. मागे बसणाऱ्याचाही तिच्यात फायदा आहे, फक्त चाकं आणि टायर नीट निवडले पाहिजेत. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आधी सी-क्लास, कारण दादाचा सगळा ओढा तिच्याकडे आहे आणि त्याचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. आत बसल्यावर ही गाडी बाकी दोघींना मागे टाकते. मधला ११.९ इंची उभा स्क्रीन थेट मर्सिडीजच्या मोठ्या एस-क्लासच्या घाटाचा आहे. सीटवर मांड्यांना भरपूर आधार मिळतो आणि वेगात वाऱ्याचा आवाज कानापर्यंत फारसा येत नाही. ४८ व्होल्टच्या यंत्रणेतली छोटी मोटर इंजिनाच्या जोडीला २०० न्यूटन-मीटरपर्यंत जोर लावते. त्यामुळे सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पुन्हा कधी सुरू झालं हे कळतही नाही. हे तुम्ही दिवसातून कितीतरी वेळा अनुभवता, म्हणून मी याला बराच मान देते. मागची चाकं २.५ अंशांपर्यंत वळवणारा पर्यायही आहे. तो घेतलेली गाडी अरुंद जागेत वळवताना हाताला लगेच फरक जाणवतो.

अडतं कुठे? स्टेअरिंग हलकं आहे, अचूकही आहे, पण गप्प आहे. पुढच्या टायरखाली काय चाललंय ते हाताला सांगत नाही. कम्फर्ट मोडमध्ये लांबट उंचवट्यावरून गेल्यावर गाडी माझ्या मते गरजेपेक्षा क्षणभर जास्त झुलते. स्पोर्टमध्ये टाकली की ते थांबतं, आणि आईसुद्धा स्पोर्टमध्येच जास्त खूश होती. आधीच्या सी-क्लासमध्ये एअर सस्पेन्शनचा पर्याय होता, या पिढीत तो काढून टाकला. मला ते पटलेलं नाही. स्टेअरिंगवरची स्पर्शाने चालणारी बटणंही मला नकोत. बोट सरकवून आवाज वाढवायचा, आणि तेही वळणावर? साधं दाबायचं बटण डोळे रस्त्यावर ठेवून सापडतं.

आता जुलिया. तिच्याबद्दल लिहिताना हात आवरावा लागतो.

जुलियाच्या स्टेअरिंगचं गुणोत्तर ११.८ ला १ आहे. म्हणजे रोजच्या सेडानच्या मानाने फारच तेज. पहिल्यांदा चालवणारा माणूस हमखास गरजेपेक्षा जास्त वळवतो आणि मग हात मागे घेतो. थोड्या वेळाने हात शिकतात, आणि मग मनगट जरासं हललं की गाडीचं नाक वळणाच्या आतल्या कडेला जाऊन टेकतं. पुढच्या बाजूला डबल विशबोन आहेत, वजन दोन्ही अ‍ॅक्सलवर निम्मं-निम्मं विभागलेलं आहे, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट कार्बन फायबरचा आहे. पण हे सगळं माहीत नसलं तरी चालेल, कारण ते जाणवतं. अ‍ॅल्युमिनियमची लांबलचक पॅडल स्टेअरिंगबरोबर फिरत नाहीत, कॉलमवरच पक्की बसवलेली आहेत. त्यामुळे चाक अर्धं वळलेलं असतानाही गिअर बदलायला बोटांना शोधाशोध करावी लागत नाही. पॅडल ओढलं की थंड धातूचा स्पर्श आणि एक नेमका ‘टक’. इतक्या छोट्या गोष्टीत कोणीतरी जीव ओतलाय, याचा मला खरोखर आनंद झाला.

आणखी एक गंमत. जुलियात आणि थ्री सिरीजमध्ये गिअरबॉक्स एकाच घराण्यातला आहे, झेडएफचा आठ गिअरचा. पण दोघांचं वागणं वेगळं. बीएमडब्ल्यूमध्ये तो जिभेवर साखर ठेवल्यासारखा विरघळून काम करतो, जुलियाच्या डायनॅमिक मोडमध्ये प्रत्येक गिअर पाठीत जाणवतो. एकच यंत्र, पण त्याला काय शिकवलंय त्यावर सगळं अवलंबून.

मग जुलिया का नाही? मागची सीट. दार लहान उघडतं, छत मागे उतरतं, आणि पुढे माझी सीट माझ्या मापाची ठेवली की मागे गुडघ्यांना जागा बेताचीच उरते. डिकी आकड्यात मोठी, ४८० लिटर, पण तोंड अरुंद आहे. मोठी बॅग तिरकी करून घालावी लागते. ब्रेकचं पेडल विजेवर चालणाऱ्या यंत्रणेला जोडलेलं आहे, गाडी थांबतेही झकास, पण अगदी हळू वेगात शेवटच्या क्षणी पायाला अंदाज लागायला वेळ लागतो. ज्याच्या मागे गाडी लागणारं माणूस बसलंय त्याला तो शेवटचा क्षणच महत्त्वाचा असतो. घरात दुसरी गाडी असती तर मी एवढं सगळं लिहिलंच नसतं, जुलिया आणली असती. जो एकटा किंवा दुकटाच फिरतो त्याने दुसरीकडे बघूसुद्धा नये.

ऑडी ए४ मी मनापासून पाहिली, पण तिच्यावर फार शब्द खर्च करणार नाही. आतली बांधणी या सगळ्यांत सरस, प्रत्येक नॉब फिरवताना त्याचा खटका बोटाला कळतो. पण इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लांबीत बसवलेलं आहे, आणि नाकावर वजन असलेली गाडी वळणात शिरताना ते लपवू शकत नाही. पावसात क्वाट्रोचा, म्हणजे ऑडीच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचा, भरवसा मोठा, हे मान्य. आता तिची जागा ए५ ने घेतली आहे. जेनेसिस जी७० घडवताना बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या एम विभागातून आलेले आल्बर्ट बिअरमन ह्युंदाईत होते, आणि चालवताना ते पटतं. पण डिकी जेमतेम ३३० लिटर आणि मागे जागा कमी, म्हणून माझ्या यादीतून ती लवकर गेली.

थ्री सिरीज आणि सी-क्लास यांची चुरस आजची नाही. १९८४ मध्ये नुर्बर्गरिंगच्या नव्या ट्रॅकच्या उद्घाटनाला मर्सिडीजने नामांकित ड्रायव्हरना एकसारख्या १९० ई २.३-१६ दिल्या आणि शर्यत लावली. तरुण आयर्टन सेना जिंकला, निकी लाउडा दुसरा आला. सी-क्लासची ही पूर्वज, आणि तिला उत्तर म्हणून बीएमडब्ल्यूने १९८६ मध्ये थ्री सिरीजचा वेगवान अवतार, पहिली एम३, आणली. या पिढीच्या सी ६३ मध्ये, म्हणजे सी-क्लासच्या सर्वांत वेगवान अवतारात, व्ही८ जाऊन दोन लिटरचं इंजिन आणि विजेची मोटर आली आहे. मिळून ६८० हॉर्सपॉवर होते, पण वजन दोन टनांच्या वर गेलं. त्या छोट्या, चपळ १९० ई ची आठवण ठेवून पाहिलं तर मला हा रस्ता चुकीचा वाटतो.

शेवटी मी ३३०आय घेतली, आणि मुद्दाम २०२२ च्या बदलाआधीची घेतली. त्या वर्षी बीएमडब्ल्यूने मोठा वळलेला स्क्रीन आणला आणि एसीची बटणं त्यात ढकलली. जुन्यात तापमानासाठी वेगळी बटणं आहेत, आवाजासाठी गोल नॉब आहे. माझ्यासाठी तो स्क्रीन पुरेसं कारण होता.

या गाडीचं बलस्थान कोणतंही एक नाही. स्टेअरिंग जुलियाइतकं बोलकं नाही, आतली सजावट सी-क्लासच्या पासंगालाही पुरत नाही. एम स्पोर्टच्या स्टेअरिंगची कड तर इतकी जाड आहे की लहान हातांना ती धरताना अवघडल्यासारखं होतं. पण लांब वळणावर, रस्ता मध्येच खचलेला असताना ही गाडी जे करते ते बाकी कोणी केलं नाही. चाक खड्ड्यात जातं, ‘धप्प’ असा एकच आवाज येतो, आणि गाडी आपली ओळ सोडत नाही. स्टेअरिंग पुन्हा सरळ करावं लागत नाही. साध्या सस्पेन्शनमध्येही डॅम्पर चाक वर-खाली जाईल तसे शेवटी शेवटी घट्ट होत जातात, पण मी अ‍ॅडॅप्टिव्ह (मोडप्रमाणे घट्ट-सैल होणारं) घेतलं आणि कम्फर्टमध्येच ठेवते. कारण इथे कम्फर्ट म्हणजे ढिलं नाही. टॉर्क १५५० आरपीएमपासून पूर्ण मिळतो, म्हणून ओव्हरटेक करताना गिअरबॉक्सला दोन-तीन गिअर खाली यावं लागत नाही, मागच्या माणसाला हिसका बसत नाही. एम३४०आयचं तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन फार गोड आहे, ३७४ हॉर्सपॉवर, आणि मोह झाला हे खरं. पण वळणात ३३०आयचं नाक जास्त हलकं वाटतं आणि मला तेच हवं होतं.

आई आता मागे बसून बोलते. मोठ्या प्रवासात डुलकी काढते. तिला गाडीचं नावही नीट आठवत नाही, पण ‘ही गाडी डुलत नाही’ एवढं ती सगळ्यांना सांगते.

आता टायर, कारण अर्धी गाडी तिथेच बनते किंवा बिघडते. एका शोरूमने, ब्रँड सांगत नाही, मला टेस्ट ड्राइव्हला १९ इंची चाकांची गाडी दिली आणि ‘सगळ्या सारख्याच असतात’ म्हणून सांगितलं. सारख्या नसतात. चाक मोठं झालं की टायरची भिंत बुटकी होते आणि पहिला दणका झेलणारं रबरच कमी होतं. जी गाडी घेणार त्याच मापाच्या चाकांवर चालवून बघा, आणि ओळखीच्या खराब रस्त्यावर चालवा. गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

एम स्पोर्ट थ्री सिरीजवर १८ इंचात बऱ्याचदा पुढे २२५ आणि मागे २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात. दिसतात छान, पण मापं वेगळी असल्याने पुढचे मागे करता येत नाहीत, आणि मागची जोडी लवकर झिजते. चारही २२५/४५ मिळत असतील तर तेच मागून घ्या. रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर नेतात, पण त्यांची भिंत ताठ असते आणि प्रत्येक फटीची वार्ता सीटपर्यंत पोहोचते. मी ते काढून साधे टायर बसवले आणि गाडी उजळली. डिकीत स्टेपनी नाही, म्हणून एक कॉम्प्रेसर आणि पंक्चर भरायच्या द्रावाची बाटली ठेवलेली असते. बाटलीवर मुदत छापलेली असते, ती अधूनमधून तपासायची.