मोनोग्राम मर्डर्स वाचलं, आणि त्यातलं कॉपीराइटचं पानही

पुस्तक वाईट नाहीये, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. सोफी हॅनाचं द मोनोग्राम मर्डर्स २०१४ मध्ये आलं, अगाथा ख्रिस्तीच्या वारसदारांनी परवानगी दिलेली, तिच्या पॉयरो या गुप्तहेरावरची पहिली नवी कादंबरी. १९२९ चं लंडन, ब्लॉक्सम हॉटेल, एकाच संध्याकाळी तीन खोल्यांत तीन मृतदेह, सरळ नीट झोपवून ठेवल्यासारखे, आणि प्रत्येकाच्या तोंडात एक कफलिंक, त्यावर पीआयजे अशी अक्षरं. त्याच संध्याकाळी एका कॉफी हाऊसमध्ये पॉयरोला जेनी नावाची घाबरलेली बाई भेटलेली असते आणि ती म्हणते की माझा खून होणार आहे आणि झाला तर न्यायच होईल. अशी सुरुवात असल्यावर पुस्तक खाली ठेवणार कोण! पहिली शंभर-दीडशे पानं मी खरंच अधाशासारखी वाचली.

मग गडबड सुरू होते. गावातलं जुनं प्रकरण, तिथल्या पाद्र्याबद्दलची अफवा, तिचे परिणाम, हा भाग चांगला आहे, ख्रिस्तीबाईंनाही असली गावं आवडायची. पण शेवटचा उलगडा लांबतच जातो, एकाने खोटं सांगितलं, मग दुसऱ्याने ते खोडलं, मग त्यातलंही अर्धं खोटं निघालं, आणि शेवटी कोणी कोणाला का मारलं हे कळतं पण धक्का बसत नाही. बाईंचा उलगडा एका वाक्यात सांगता यायचा. तो वाचला की आधीची सगळी पानं डोळ्यांसमोर उलटी फिरायची आणि आपण म्हणायचो, अरे हे तर समोरच होतं. इथे ते होत नाही. हॅनाने बाईंची नक्कल करायचा हट्ट धरला नाही हे मात्र मला आवडलं, पॉयरोचा जुना मित्र आणि निवेदक हेस्टिंग्ज, त्याला न आणता कॅचपूल नावाचा स्कॉटलंड यार्डचा नवा माणूस निवेदक केलाय, प्रेत बघून अस्वस्थ होणारा, त्यामुळे आवाज वेगळा आहे हे ती उघड मान्य करते. काळही विचार करून निवडलाय, बाईंच्या १९२८ आणि १९३२ च्या पॉयरो कादंबऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतला.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. कव्हर बघा. अगाथा ख्रिस्ती हे नाव किती ठळक आहे ते बघा आणि मग कॉपीराइटचं पान उघडा, जे आपण कोणी वाचत नाही. तिथे कॉपीराइट लेखिकेच्या नावावर नाहीये, अगाथा ख्रिस्ती लिमिटेड या कंपनीच्या नावावर आहे. अगाथा ख्रिस्ती हे नाव रजिस्टर्ड ट्रेडमार्क, पॉयरो ट्रेडमार्क, बाईंची सहीसुद्धा ट्रेडमार्क! मेलेल्या लेखकाचा वारसा नेमका कसा सांभाळला जातो, कसा चालवला जातो, हे त्या एका पानावर लिहिलेलं आहे. बाई गेल्या १९७६ मध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये त्यांच्या पुस्तकांचा कॉपीराइट २०४६ च्या अखेरपर्यंत. अमेरिकेत हिशोब वेगळा, तिथे पॉयरोचं पहिलं पुस्तक, १९२० चं, कधीच मोकळं झालंय. पण ट्रेडमार्कला अशी शेवटची तारीख नसते, रिन्यू करत राहिलं की तो चालूच राहतो. म्हणजे कथा सगळ्यांच्या झाल्या तरी नाव आणि सही कंपनीकडेच.

आणि कंपनी म्हणजे फक्त घरचे लोक असंही नाही. ती १९५५ मध्ये बाईंच्या हयातीतच निघाली, १९६८ मध्ये त्यातला ५१ टक्के हिस्सा बुकर कंपनीला विकला गेला, तेही बाई असतानाच. पुढे तो वाढून ६४ टक्के झाला आणि हात बदलत बदलत आता अमेरिकेच्या एएमसी नेटवर्क्स या टीव्ही कंपनीकडे आहे. कुटुंबाकडे उरले ३६ टक्के, पण कारभार बघतात पणतू जेम्स प्रिचर्ड. त्यामुळे वारसदारांनी आजीला विकलं वगैरे जे बोललं जातं ते मला पटत नाही, पहिला हिस्सा आजींच्या डोळ्यांदेखत गेला होता, आणि या लोकांनी चांगली कामंही केलीत. बाईंच्या ७३ वह्या अभ्यासकाला मोकळ्या करून दिल्या, बाईंचं ग्रीनवेचं घर २००० साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेला दिलं, ६६ कादंबऱ्या आजही सहज मिळतात. २०२० मध्ये एका कादंबरीच्या फ्रेंच भाषांतराचं जुनं वंशवाचक, अपमानास्पद नाव बदललं तेही योग्यच केलं. आणि त्यांना सगळं रोखता येतं असंही नाही, १९२६ मध्ये बाई काही दिवस गायब झाल्या होत्या त्यावर निघालेला सिनेमा थांबवायला मुलगी रोझलिंड हिक्स अमेरिकेत कोर्टात गेली होती आणि हरली, तो सिनेमा १९७९ मध्ये आला.

तरीही मला या पुस्तकाबद्दल वाईट वाटतं, आणि त्याचं कारण कर्टन. बाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॉयरोची शेवटची केस लिहिली, त्यात त्याला मारलं, हस्तलिखित कुलुपात ठेवलं आणि त्याचे हक्क रोझलिंडच्या नावे केले. तीसेक वर्षं ते पुस्तक तसंच पडून होतं! १९७५ मध्ये ते छापलं तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोच्या मृत्यूची बातमी पहिल्या पानावर दिली होती. स्वतःच्या माणसाचा शेवट इतक्या काळजीने कोणी ठरवून ठेवत असेल तर तो शेवट राहू द्यावा असं मला मनापासून वाटतं. पॉयरो मरण्याआधीच्या मधल्या वर्षांत घडलेली केस दाखवली की तो शेवट मोडत नाही, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण मला ते पळवाट वाटतं.

वेगळं वागणारेही आहेत ना. सू ग्राफ्टन, इंग्रजी अक्षरमालेच्या क्रमाने रहस्यकादंबऱ्या लिहिणारी, २०१७ मध्ये गेली तेव्हा वायपर्यंत आली होती, फक्त झेड राहिलं होतं. घरच्यांनी सांगितलं की आमच्या घरापुरती अक्षरमाला वायलाच संपली, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेणार नाही. किती मोह असेल तेव्हा, एकच पुस्तक बाकी! (पण टीव्हीला ती आयुष्यभर नाही म्हणाली होती आणि ते हक्क २०२१ मध्ये विकले गेलेच, म्हणजे तिथेही सगळं तिच्या मनासारखं राहिलं नाही.)

इकडे मात्र मोनोग्राम नंतर हॅनाची आणखी पॉयरो पुस्तकं आली, २०२२ मध्ये बाईंच्या दुसऱ्या गुप्तहेर मिस मार्पल हिच्यावरच्या १२ लेखिकांच्या नव्या कथाही आल्या, त्यामुळे हे थांबेल असं वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की लिहा, पण लेखिकेचं नाव सगळ्यात मोठं छापा आणि बाईंची सही बाईंनी लिहिलेल्या पुस्तकांवरच ठेवा. कव्हर बघून नवीन वाचकाला वाटणार की हे ख्रिस्तीचंच, आणि मग हा लांबलेला शेवट वाचून तो म्हणणार, एवढंच होय, उगाच नाव ऐकलं होतं. त्यात बाईंचं नुकसान आहे आणि हॅनाचंही, कारण ती स्वतःच्या बळावर चांगली थ्रिलर लेखिका आहे.

घ्यायचं की नाही? पॉयरो सगळा वाचून झाला असेल आणि तरी भूक असेल तर घ्या, सुरुवातीची पानं आणि त्या गावातला भाग यासाठी पाचपैकी तीन देईन. पॉयरो अजून वाचलाच नसेल तर हे अजिबात घेऊ नका, १९२६ चं द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड घ्या, आणि कर्टन सगळ्यात शेवटी.