चटणीचा पुडा, कडक भाकरीचं पाकीट आणि तीन तऱ्हेच्या क्लिपा

माझी भाची नोकरीसाठी मुंबईला असते. सुट्टी संपवून सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परत निघाली की तिच्या बॅगेत दोन गोष्टी ठरलेल्या: शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, तू पुड्यांना लावतेस त्यातली नेमकी कोणती क्लिप घेऊ? इथे चार दिवसांत भाकरी सादळते, आणि चटणीचं तेल कपाटात उतरतं." फोनवर मी तिला घाईघाईत काहीतरी सांगितलं, पण ते अर्धवटच होतं. गेली सात-आठ वर्षं मी या क्लिपा वापरते. काही मोडल्या, काही टाकून दिल्या, काही अजून रोज हातात असतात. तेव्हा तिच्यासाठी, आणि तिच्यासारखंच दुकानात उभं राहून विचारात पडणाऱ्या कुणासाठीही, हे नीट लिहिते.

उत्तर आधीच सांगते. तेलकट चटणीला कांडी-नळीची क्लिप घ्या, म्हणजे बारीक दांडीवर चिरलेली नळी सरकवायची ती. कडक भाकरी, पापड, कुरडया, चिवडा यांना लांब पट्टीची. दिवसातून चार वेळा उघडायच्या पुड्याला, म्हणजे चहापावडर किंवा फरसाणाला, स्प्रिंगचा चिमटा पुरतो. एकाच तऱ्हेच्या अठरा क्लिपांचा रंगीत संच घेऊ नका. त्यातल्या निम्म्या ड्रॉवरमध्येच पडून राहतात.

आता कारणं. पुड्यातला जिन्नस बिघडतो तो प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने. कडक भाकरीचा वैरी दमट हवा. ती मंद आचेवर पार वाळवलेली असते, त्यामुळे हवेतलं पाणी भराभर ओढून घेते आणि चिवट होते. चटणीचं तसं नाही. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. उखळात कुटताना ते बाहेर येतं, म्हणून तर आपली चटणी अशी ओलसर, चकचकीत दिसते. या तेलाला हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि उजेड लागला की ते खवट होतं. साखर-गुळाला मुंग्या लागतात. म्हणजे एकच क्लिप सगळ्यांना चालेल, ही अपेक्षाच चूक आहे.

यात गावाचाही भाग आहे. सोलापूर पर्जन्यछायेतलं. मार्च ते मे हवा इतकी कोरडी की पुड्याचं तोंड नुसतं दुमडून ठेवलं तरी भाकरी कुरकुरीत राहते. त्यामुळे उन्हाळ्यात घेतलेली क्लिप चांगलीच वाटते, कारण तिची परीक्षाच झालेली नसते. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरमध्ये. खरी परीक्षा तेव्हा होते, आणि मुंबईत तर ती बाराही महिने चालू असते. चटणीचं बरोबर उलटं. पारा चाळिशीच्या वर गेला की चटणी लवकर खवट होते, म्हणून तिला सांभाळायचं ते उन्हाळ्यात. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: उन्हाळ्यात आपल्या घरोघरी कूलर लागतो. कूलर खोलीत ओली हवा सोडतो. कूलरच्या झोतात ठेवलेलं भाकरीचं पाकीट मे महिन्यातसुद्धा सादळतं. आमच्याकडे दोन उन्हाळे हे झालं, तोवर मी बिचाऱ्या क्लिपलाच दोष देत होते.

पट्टीच्या क्लिपपासून सुरुवात करते, कारण दुकानात तीच सगळ्यात जास्त दिसते. दोन चपट्या पट्ट्या, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला आकडा. एका पट्टीला उंचवटा असतो, दुसरीला खाच. पुड्याचं तोंड मध्ये धरून दाबलं की कागद त्या खाचेत वळण घेऊन बसतो आणि आकडा टक्‌ करून लागतो. नुसत्या दाबापेक्षा या वळणामुळे हवा जास्त अडते. पूर्ण रुंदीवर सारखा दाब बसतो, हा तिचा मोठा गुण.

पण तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली बिजागरीची. ती म्हणजे त्याच प्लास्टिकचा पातळ केलेला भाग, रोज उघडझाप केली की तिथे पांढरी रेघ उमटते आणि एक दिवस तुकडा पडतो. फ्रीजरमध्ये ठेवलेली तर आणखी लवकर तुटते, कारण थंडीत हे प्लास्टिक ठिसूळ होतं. मटार किंवा मक्याच्या दाण्यांच्या पिशवीला म्हणून मी ती लावत नाही. दुसरी उणीव घडीची. आपल्या हाताला सवय पुडा तीन-चार वेळा दुमडायची. तसं केलं की थर वाढतात, आकडा पुरता लागत नाही, लागलाच तर बिजागरीवर ताण येतो. पट्टीच्या क्लिपला घडी घालूच नका. हवा दाबून काढा, तोंड सपाट करा, सरळ क्लिप लावा. मला हे समजेपर्यंत डझनभर क्लिपा मोडल्या होत्या.

कडक भाकरीचं पाकीट रुंद असतं. त्याला आखूड पट्टी लावण्यात अर्थ नाही. लोक काय करतात, तर पाकिटाचं तोंड चुरगळून पट्टीत कोंबतात. मग चुण्यांमधून हवा खेळती राहते. घरातल्या पाकिटाची सपाट रुंदी मोजून घ्या आणि तिच्यापेक्षा बोटभर लांब पट्टी घ्या. इतकी लांब मिळाली नाही तर पाकिटाच्या दोन्ही कडा आत दुमडून रुंदी कमी करण्यापेक्षा भाकरी सरळ डब्यात ठेवलेली बरी.

कांडी-नळीच्या क्लिपबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ती कमी लोकांना माहीत आहे आणि आपल्या चटणीसाठी तिच्या तोडीचं दुसरं मला सापडलेलं नाही. तिचे दोन सुटे भाग असतात. एक बारीक दांडी आणि दुसरी एका बाजूने चीर असलेली नळी. पुड्याचं तोंड दांडीवरून एकदा वळवायचं आणि एका टोकाकडून नळी सरकवत न्यायची. आमच्या गल्लीत एके काळी दारोदारी बायका विणकामाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. त्यामुळे आमच्या घरात या दांडीला पहिल्या दिवसापासून 'कांडी' हेच नाव पडलं, आणि तेच मी इथे वापरते.

हिला बिजागरीच नाही, त्यामुळे मोडायला काही नाही. कागद कांडीभोवती फिरून नळीत घट्ट बसतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पिशवीत पाणी भरून, ही क्लिप लावून मी पिशवी उलटी टांगली होती. रात्रभर थेंब गळला नाही. तेल बाहेर येणं थांबतं ते यामुळेच. प्रवासात चटणीचा पुडा बॅगेत दाबला जातो, आणि दाबाने पट्टीचा आकडा सुटू शकतो. नळी मात्र आडवी सरकवल्याशिवाय निघत नाही.

त्रासही आहे. दोन्ही हात लागतात, तेही कोरडे. तेलकट बोटांनी नळी सरकवता येत नाही. माझ्या सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, त्यांना ही क्लिप जमत नाही. त्यांच्या हाताशी लागणाऱ्या पुड्यांना मी चिमटेच लावते. भाग सुटे असल्याने कांडी हरवते. आणि पुड्याला बाजूने आत दुमडलेली घडी असेल, म्हणजे चहापावडरच्या मोठ्या पाकिटासारखी, तर कडेला चार थर आणि मध्ये दोन थर होतात. जिथे थर बदलतात तिथे बारीक फट राहते. ही अडचण पट्टीच्या क्लिपलाही येते. सपाट पुड्याला ती नाही.

चिमट्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका हाताने लागतो, एका हाताने निघतो, यातच त्याचं सगळं आलं. त्याचा दाब जबड्याच्या रुंदीपुरताच असतो, बाहेरच्या दोन्ही कडा मोकळ्या. इथे मात्र पट्टीच्या उलट वागायचं: पुडा तीन-चार वेळा घट्ट दुमडा आणि त्या घडीवर चिमटा लावा. हवा अडते ती घडीमुळे, चिमटा फक्त घडी उलगडू देत नाही. स्प्रिंग लोखंडी असेल तर धुतल्यावर लगेच पुसा, नाहीतर गंजाचा डाग पुड्यावर उतरतो. कपड्यांचा चिमटा हा त्याचाच धाकटा भाऊ. जबडा अगदी अरुंद, त्यामुळे गुळाच्या पुड्यात मुंग्या हमखास शिरतात.

रबर फुकट मिळतं म्हणून सगळे वापरतात. कोरड्या जिन्नसाला महिनाभर चालेल. चटणीच्या पुड्याला लावू नका. तेलाने रबर फुगतं, सैल पडतं, चिकट होतं. आपल्या उन्हाळ्यात तर ते कडक होऊन तुटतंच, आणि तुकडा चटणीत पडला तर पटकन दिसतही नाही.

झिपची पिशवी कोरड्या मसाल्याला छान. चटणीची भुकटी मात्र झिपच्या खाचेत बसते, त्यावर तेल येतं, आणि मग झिप लागल्यासारखी वाटते पण लागत नाही. ओल्या फडक्याने खाच पुसत बसायची तयारी असेल तर घ्या. झाकणाचं बूच असलेली मोठी क्लिप साखर, रवा, तूरडाळ ओतायला सोयीची, पण फडताळात फार जागा अडवते.

हातात धरून पिशवी चिकटवायचं बॅटरीचं छोटं यंत्र हा वेगळाच प्रकार आहे. बाहेरगावी पाठवायची असेल तर याच्याइतकं पक्कं काही नाही, पण तोंडाला तेलाचा किंवा भुकटीचा कण लागलेला असेल तर तिथे चिकटत नाही. जाड, चकचकीत आवरणाच्या पाकिटाला त्याची आच पुरत नाही. शिवाय दर वेळी उघडताना चिकटलेली कड कापावी लागते, पुडा आखूड होत जातो. मी ते फक्त भाचीच्या पार्सलपुरतं काढते आणि लगेच बॅटऱ्या काढून उंचावर ठेवते, कारण तार चांगलीच तापते आणि घरात लहान मुलं आहेत.

"एवढं करण्यापेक्षा डब्यात काढून ठेव की," असं माझ्या आईचं म्हणणं. पिठाच्या, डाळ-तांदळाच्या बाबतीत तिचं शंभर टक्के बरोबर आहे. उंदराला क्लिप अडवत नाही. काही किडे तर प्लास्टिक पोखरूनही आत जातात, आणि धान्यात किड्याची अंडी आधीच असतील तर पुडा कितीही घट्ट बंद केला तरी सोंडे होणारच. पण चटणीच्या बाबतीत मी आईशी सहमत नाही. अर्धा किलो चटणीचा डबा निम्मा संपला की उरलेल्या निम्म्यात हवा भरते, आणि झाकण उघडलं की ती हवा पुन्हा ताजी होते. पुड्याचं तसं नसतं. चटणी कमी होईल तसा पुडा आकसता येतो. हवा दाबून काढायची, चटणीला लागून कांडी लावायची. आत हवा उरतेच किती! स्वाद टिकतो तो यामुळे. पुडा पारदर्शक असेल तर तो अंधाऱ्या फडताळात ठेवा, ओट्यावर उजेडात नको.

क्लिप कितीही चांगली असली तरी एक गोष्ट तिच्यावर सोपवू नका. ओला चमचा चटणीत गेला, किंवा पावसाळ्यात पुडा उघडा राहून ओल धरली, तर शेंगदाण्याला बुरशी येते. या बुरशीतलं विष भाजून किंवा तळून पूर्णपणे जात नाही. कुबट वास आला किंवा पांढरट-हिरवट ठिपका दिसला तर वरची चटणी काढून खालची खाऊ नका. अख्खा पुडा टाका. मला ती टाकताना जीव तुटतो, पण टाकतेच.

आता घ्यायची कशी. नवी पेठेत किंवा मधल्या मारुतीजवळ प्लास्टिकच्या सामानाच्या दुकानांत सुट्या क्लिपा मिळतात, तिथे हाताळून घ्या. पर्समध्ये चटणीचा एक रिकामा, धुतलेला पुडा घेऊन जा. पुड्यात हवा भरा, क्लिप लावा आणि गालाजवळ धरून दाबा. कुठून फुंकर येते ते गालाला लगेच कळतं. फुंकर बहुतेक वेळा दोन टोकांकडूनच येते. घरी आणल्यावर हाच पुडा बादलीत बुडवून दाबा, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा. बुडबुडे निघाले तर ती क्लिप साखरेला ठेवा, भाकरीला नको. पट्टी घेताना बिजागरी उघडून उजेडात बघा. पहिल्याच दोन-चार उघडझापीत पांढरी रेघ दिसली तर ती फार दिवस टिकणार नाही.

धुताना कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. उकळत्या पाण्यात टाकू नका. माझ्या दोन नळ्या अशाच वाकल्या, आणि वाकलेली नळी पुन्हा सरळ बसत नाही. लसणाचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि तो जात नाही, म्हणून चटणीच्या कांड्या लाल रंगाच्या आणि बाकीच्या पांढऱ्या ठेवल्या आहेत. नाहीतर चहाला चटणीचा वास येतो.

भाचीला मी कालच निरोप पाठवला: लाल कांडी-नळी दोन, भाकरीच्या पाकिटाच्या मापाची लांब पट्टी एक, चिमटे तीन. आणि मुंबईत भाकरीचं पाकीट एका बैठकीत संपेल एवढंच फोड, बाकीची चिकटवून दिलेली पाकिटं तशीच राहू दे.