बीएस्सीला टक्के कमी आहेत: जॅम द्यावी, की जर्मनीला अर्ज करावा?

बीएस्सी झाली, टक्के पंचावन्न-साठच्या घरात. दुसऱ्या वर्षाला एक-दोन केटी लागलेल्या, आणि तरीही फिजिक्स किंवा केमिस्ट्री सोडवत नाही. अशा मुलामुलींपुढे साधारण दोन वाटा येतात: इथे जॅम, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, नाहीतर थेट परदेशात मास्टर्स. एका वाटेवर जुन्या टक्क्यांची चौकशी फार तर दारात होते. दुसरीवर सगळा हिशेब त्यांच्यापासूनच सुरू होतो.

जर्मनीचंच बघा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, म्हणून ओढा मोठा. पण आपले गुण तिथे एका सूत्रातून जातात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, कमाल आणि पासचे गुण यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. १०० पैकी ४० ला पास धरलं, तर ५५ टक्क्यांचे होतात ३.२५ आणि ६० टक्क्यांचे ३.०. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. बरेच अभ्यासक्रम २.५ किंवा त्याहून चांगला आकडा मागतात, म्हणजे आपले ७० टक्के. अशा ठिकाणी तुमचं प्रेरणापत्र कितीही मनापासून लिहिलेलं असो, ते वाचलं जाण्याआधीच अर्ज बाजूला पडू शकतो. शिवाय एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची पदवी खरी असल्याची जर्मन पडताळणी, लागतं आणि वर्षभराच्या खर्चाचे जवळपास बारा हजार युरो आधी बँकेत दाखवावे लागतात.

जॅमचं गणित वेगळं आहे. फेब्रुवारीत तीन तासांचा एक पेपर, ६० प्रश्न, १०० गुण. आयआयटीच्या दोन वर्षांच्या एमएस्सीची यादी जॅमच्या गुणांवर लागते; तिथे बीएस्सीचे ५६ आणि ८६ एकाच रांगेत उभे असतात. उणे गुण फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना आहेत. एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे आणि थेट आकडा भरायचे प्रश्न मिळून ५० गुणांचे होतात, आणि त्यांत चुकलं तरी काही कापलं जात नाही. पाया पक्का आहे पण विद्यापीठाच्या पेपरात सात-आठ पानं उतरवणं जमत नव्हतं, अशा मुलांना ही परीक्षा न्याय देते, असं माझं ठाम मत आहे. मात्र जॅमवरच प्रवेश देणाऱ्या एनआयटींसाठी, म्हणजे आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीसाठीसुद्धा, पदवीच्या टक्क्यांची अट नीट वाचून घ्या. सगळ्या संस्थांचे नियम सारखे नसतात.

या वाटेचा खरा फायदा पुढे दिसतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार मास्टर्स करून पीएचडीला जाताना एमएस्सीचे ५५ टक्के बघतात, राखीव प्रवर्गांना सवलतही आहे. संशोधनाची शिष्यवृत्ती देणाऱ्या सीएसआयआर नेट परीक्षेलाही एमएस्सीचेच टक्के. ती शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. बीएस्सीची मार्कशीट मग फाईलमधला एक कागद उरते.

अमेरिकेत चारपैकी ३.० जीपीएची (गुणांच्या सरासरीची) अपेक्षा बऱ्याच विद्यापीठांत असते, पण अर्ज माणसं वाचतात आणि शिफारसपत्रांना मोठं वजन आहे. तिथे जायचंच असेल तर आधी एखाद्या प्रयोगशाळेत वर्ष-दोन वर्षं प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करा. ‘हुशार आणि मेहनती’ एवढंच लिहिणाऱ्या प्राध्यापकांच्या तीन पत्रांपेक्षा, तुम्ही यंत्रावर काय केलंत, बिघडलेला प्रयोग कसा सावरलात हे सांगणारं एक पत्र जास्त कामाचं. कमी टक्क्यांचं कारण अर्जात दोन वाक्यांत सांगा; रडगाणं नको, आणि शेवटच्या वर्षी गुण वाढले असतील तर ते जरूर दाखवा.

सत्तरच्या आसपास असाल आणि पैशांची सोय असेल, तर जर्मनीला खुशाल अर्ज करा. साठच्या खाली असाल तर आधी जॅम द्या, परदेशाचा विचार एमएस्सीनंतर करा. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुटतात आणि ऑक्टोबरमध्ये बंद होतात, तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या निकालाची वाट बघत बसू नका. शेवटच्या वर्षाला असतानाच परीक्षेला बसता येतं.