४के १२० एचडीआर: पीएस५, सिरीज एक्स आणि पीसीच्या एचडीएमआय पोर्टची परीक्षा

खोक्यावरच्या ‘एचडीएमआय २.१’ या छापावर जाऊ नका. ४८ जीबीपीएस (सेकंदाला ४८ गीगाबिट डेटा) ही त्याची कमाल आहे, हमी नव्हे. २४, ३२, ४० हे टप्पेही त्याच नावाखाली विकले जातात.

४के, १२० हर्ट्झ, १०-बिट आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १० बिटांत, काहीही न कापता) असा सिग्नल न दाबता पाठवायला साधारण ४० जीबीपीएस लागतात. जुन्या २.० ची मर्यादा १८. तिथे ४के ६० हर्ट्झ ८-बिट आरजीबी जेमतेम मावतं (१७.८२), त्यामुळे १०-बिटचं एचडीआर (उजेड-अंधाराची मोठी व्याप्ती दाखवणारं चित्र) सुरू केलं की ४:२:२ वर, म्हणजे रंगाची माहिती कमी करून पाठवण्यावर, उतरावं लागतं.

एक्सबॉक्स सिरीज एक्सचं पोर्ट ४० चं, म्हणजे नेमकं पुरेसं. पीएस५ ३२ वर थांबतो आणि ४के १२० एचडीआरला ४:२:२ देतो. कागदावर ही उणीवच, पण खेळताना ती शोधूनही सापडत नाही: प्रत्येक पिक्सेलची उजळता शाबूत राहते, फक्त रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्मी होते. एवढ्यासाठी कन्सोल बदलणं म्हणजे पैशांची नासाडी.

पीसीचं गणित वेगळं. ४:२:२ वर काळ्या पार्श्वभूमीवरची लाल-निळी बारीक अक्षरं पसरतात, म्हणून तिथे आरजीबीचाच आग्रह धरा. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत आरटीएक्स ३० मालिकेपासून ४८ मिळतात. टीव्ही ४० चा असला तरी बिघडत नाही. एलजीच्या २०१९ च्या सी९ ला ४८ होते, २०२० च्या सीएक्सला ४०, पण पॅनेल १०-बिटचं असल्याने गमावलं काहीच नाही. विंडोजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट तपासा.

१२० चा पर्यायच दिसत नसेल तर आधी टीव्हीतलं त्या पोर्टचं सेटिंग बघा: सॅमसंगवर ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीवर ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. चित्र अधूनमधून सेकंदभर काळं होत असेल तर संशय केबलवर. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लेबल आणि स्कॅन होणारा क्यूआर कोड असलेलीच घ्या. तीन मीटरच्या पुढे साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा धरू नका. ऑप्टिकल केबल घेतलेली बरी, पण तिची टोकं उलटी जोडली तर पडदा कोराच राहतो. पीएस५ वर तात्पुरता उपाय म्हणून ‘४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट’ −१ किंवा −२ करून पाहा.

टीव्ही घेताना मोजायची आणखी एक गोष्ट: अनेक मॉडेलांत पूर्ण वेगाची दोनच पोर्टं असतात आणि त्यातलंच एक ईआर्कचं, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारं. साउंडबार तिथे लावला की दुसऱ्या कन्सोलला ६० हर्ट्झवर समाधान मानावं लागतं.