लिबरऑफिस : नवशिक्यांसाठी पुरेसे, पण आधी एक सेटिंग बदला

२०१० साली ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरपासून वेगळे झालेले लिबरऑफिस विनामूल्य असून, पत्रलेखनासाठी रायटर आणि घरखर्चाच्या हिशेबासाठी कॅल्क हे त्याचे दोन भाग नवशिक्याला बहुतेक वेळा पुरतात. वापरण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि इंटरनेट नसतानाही काम अडत नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते. मात्र रायटर फाइल मुळात ओडीटी या त्याच्या नेहमीच्या स्वरूपात जतन करतो. त्यामुळे वर्ड वापरणाऱ्यांना फाइल पाठवायची असल्यास पर्यायांमध्ये जाऊन डॉकएक्स हे वर्डचे स्वरूप कायमचे निवडून ठेवावे, तरीही गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधीकधी विस्कटतेच. मेन्यूंची गर्दी सुरुवातीला बिचकवते. टॅब असलेली मांडणी निवडल्यास ती थोडी सुसह्य होते. अनेकांना एकाच वेळी एकच फाइल संपादित करायची असेल, तर गूगल डॉक्स अधिक सोयीचे आहे.