सुती कॅनव्हासचा तंबू की प्लास्टिकची ताडपत्री?

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा या दोहोंतला फरक आत पाऊल टाकताच कळतो: सुती कापडातून हवा खेळती राहते, ताडपत्रीखाली घुसमट होते. ताडपत्री हलकी आणि स्वस्त असते. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, कोरड्या दिवसांपुरती सावली हवी असेल, तर ती पुरेशी आहे. मात्र सततच्या उन्हात ती कडक होऊन चिरते आणि मग तिला टाकाही धरत नाही.

दरवर्षी मुक्काम ठोकणाऱ्याने कॅनव्हासच घ्यावा, असे मला ठामपणे वाटते, कारण तो ठिगळ लावून वर्षानुवर्षे वापरता येतो. फक्त त्याची निगा राखावी लागते. भिजल्यावर सुती धागे फुगून विणीतील छिद्रे बुजतात, म्हणून नवा तंबू पावसाळ्याआधी एकदोनदा भिजवून वाळवावा. पावसात सुती तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणारे दोर, आखडतात. ते वेळीच सैल केले नाहीत, तर भिजलेल्या काळ्या मातीतून मेखा उपटून येतात किंवा कोपऱ्यांची शिवण उसवते. ओल्या तंबूची घडी घालून ठेवल्यास बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि धागाच कुजतो, म्हणून शिवणी व दोरांच्या गाठी हाताने चाचपून, त्या पूर्ण सुकल्यावरच तंबू गुंडाळावा.