पोलो जीटीआय की व्हर्टस जीटी? खाडी ओलांडणाऱ्यासाठी

गुहागर, दापोली, दाभोळ या पट्ट्यात राहणाऱ्या आणि गाडी चालवण्यात जीव रमणाऱ्या माणसापुढे वीस लाखांच्या आसपास दोन वाटा असतात. एक म्हणजे २०१६ च्या अखेरीस भारतात आलेली फोक्सवॅगनची तीन दारांची पोलो जीटीआय, अर्थात वापरलेली. दुसरी त्याच कंपनीची, चाकणला तयार होणारी व्हर्टस जीटी, दीड लिटर टर्बो, मॅन्युअल गिअरची. दोन्ही मी मनसोक्त चालवल्या आहेत. जीटीआय माझ्या मित्राची. ती विकायला काढली तेव्हा त्याने पहिल्यांदा मलाच विचारलं. मी खूप घोळवलं आणि शेवटी व्हर्टस घेतली.

आधी एक वाद बाजूला ठेवू. गाडीवेडे जमले की कुणीतरी म्हणतोच, परदेशातून आली ती खरी, इथे बनली तिला नुसतं जीटीचं नाव लावलंय. ज्याने स्वतःच्या कमाईतून गाडी घेतली त्याच्या तोंडावर असं बोलू नये, हे माझं ठाम मत आहे. शिवाय ते पुरतं खरंही नाही. युरोपात त्या जीटीआयच्या मॅन्युअल गाडीला ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, होता आणि डीएसजीवालीला, म्हणजे आपोआप गिअर बदलणारीला, २५०, कारण सात गिअरचा तो ड्राय क्लच गिअरबॉक्स तेवढाच भार पेलतो. भारतात आली ती फक्त डीएसजी. म्हणजे आपल्याकडच्या जीटीआयचा टॉर्क २५० आणि व्हर्टस जीटीचाही २५०. पीएस, म्हणजे अश्वशक्ती, मात्र १९२ आणि १५०, आणि इंजिन वरच्या आरपीएमला गेलं की हा फरक लपत नाही. व्हर्टसचीही देशागणिक तऱ्हा वेगळी. ब्राझीलमधल्या जीटीएसला १.४ लिटरचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. आपल्याला १.५ लिटर मिळालं, आधी डीएसजीबरोबर आणि २०२३ मध्ये मॅन्युअलबरोबर. तेव्हा खरी कुठली हे विचारण्यापेक्षा आपल्या वाटेवर कुठली चालेल ते बघावं.

चालवण्याच्या आनंदात जीटीआय पुढे आहे, यात मला शंका नाही. कुंभार्ली घाटात ती ज्या चपळाईने नाक वळवते, तशी व्हर्टस वळवत नाही. चाकांमधलं अंतर कमी, गाडी आखूड, अंगाने अरुंद. सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला की पोटात खड्डा पडतो. गडग्यांमधल्या चिंचोळ्या रस्त्यात समोरून एसटी आली तर जीटीआय सहज बाजूला होते, तिथे मला व्हर्टस जपून कडेला घ्यावी लागते. मन तिकडेच ओढ घेत होतं.

निर्णय झाला तो धोपावे–दाभोळ फेरीबोटीवर. आमची अर्धी नातीगोती खाडीपलीकडे आहेत. बोट नको म्हटलं तर चिपळूण-खेडवरून केवढा तरी वळसा. भरतीला बोटीवर चढायचं काही वाटत नाही, रॅम्प जवळजवळ सपाट टेकतो. ओहोटीला मात्र जेटीच्या उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो, आणि तो उतार व बोटीचा रॅम्प यांच्यामध्ये खोल कोन तयार होतो. जीटीआय युरोपातल्या उंचीवर बेतलेली. त्या कोनात तिच्या बंपरची खालची कड घासते. तिरकी घ्या, सावकाश घ्या, मागची माणसं उतरवा, तरी घासण्याचा तो आवाज येतोच. बोटीवरची पोरं हात दाखवून वाट करून देतात, मागे गाड्यांची रांग खोळंबलेली असते, आणि आपण इंचाइंचाने पुढे सरकत असतो.

मग मित्राबरोबर मीही तिथी मोजू लागलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी पार उतरलेलं, आणि उधाणाचे दिवस असल्याने नेहमीपेक्षा जास्तच उतरलेलं. शिमगा पौर्णिमेचा. पालखीला पलीकडे जायचं ते नेमकं संध्याकाळी. ज्या दिवशी गाडी न्यावीशी वाटते त्याच दिवशी ती घरी ठेवावी लागते, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. मासे धरायला जाणाऱ्याने भरती-ओहोटी बघावी. मावशीकडे जाताना मला ती बघायची नव्हती.

व्हर्टस भारतासाठी बेतलेल्या प्लॅटफॉर्मवर आहे आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, १७९ मिलिमीटर आहे. त्याच जेटीवर, त्याच ओहोटीला मी ती सरळ चढवतो. मागे तिघे बसलेले आणि डिकीत फणस-आंबे असतील तर तिलाही तिरकी घ्यावी लागते, ते नाकारत नाही, कारण गाडी लांब आहे. पण तिथीशी तिचा संबंध नाही. घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी धरून ठेवण्याचं सुख मॅन्युअलमध्ये आहे, ते मला जीटीआयच्या स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल ओढून मिळालं नाही. हा आवडीचा भाग, तुमचं मत वेगळं असू शकेल.

बाकी थोडक्यात. घरात आजी-आजोबा असतील तर तीन दारांचा विचार सोडाच. मागच्या सीटवर त्यांना बसवणं म्हणजे त्यांना त्रास देणं. आणि जीटीआय भारतात अगदी थोड्या आल्या, त्यामुळे बंपर, दिवे, काचा यांची वाट बघण्याची तयारी हवी. व्हर्टसचं सामान मिळवणं सोपं.

तुम्ही रत्नागिरी शहरात राहता, वाटेत बोट नाही, आणि पहाटे आंबा घाट चढून कोल्हापूरला जाणं हाच तुमचा आनंद असेल, तर चांगली राखलेली जीटीआय मिळाल्यास मी तुम्हाला अडवणार नाही. बहुतेक हेवाच करीन. खाडी ओलांडणाऱ्याला मात्र मी व्हर्टस घे असंच सांगेन. तरीही मन जीटीआयवरच असेल तर पैसे देण्याआधी पौर्णिमेला किंवा अमावास्येला संध्याकाळी सहाच्या सुमारास ती जेटीवर न्या, मागे दोन माणसं बसवून. त्याआधी मालकाला कशासाठी नेताय ते सांगा आणि बंपर घासला तर खर्च कोणाचा हेही बोलून घ्या. तो नाही म्हणाला तर आग्रह करू नका, गाडी अजून त्याची आहे.